लांब पल्ल्याची दौड आणि घरची शिदोरी

आमच्या विद्यार्थ्यांत एक समजूत फार दृढ झालेली आढळते. ती अशी कीं, ज्यास लांब धांवावयाचें असेल त्यानें पोट रिकामें ठेवावें. पोट रिकामें तर अंग हलकें, आणि अंग हलकें तर पाय आपोआप उचलतात. शर्यतीच्या दिवशीं सकाळीं घोटभर चहावर मैदानांत येणारीं मुलें दर वर्षीं आम्ही पाहतों, व त्यांपैकीं एकदोघांस अर्ध्या वाटेवर घेरी येऊन झाडाखालीं बसवावें लागतें, हेंही पाहतों. याच्या अगदीं उलट अशी दुसरी समजूत अलीकडे शहरांतून पसरत आहे. बाजारांत मिळणाऱ्या चकचकीत पुड्या व रंगीत पाण्याच्या बाटल्या यांवांचून दौड पुरी होणेंच शक्य नाहीं, असें ती सांगते. पहिलीनें मुलाची शक्ति जाते, दुसरीनें बापाचा पैसा. दोहोंचेंही मूळ एकच आहे: धांवतांना शरीर काय जाळतें हें नीट ठाऊक नसणें. तें एकदां समजलें म्हणजे शिदोरींत काय बांधावें हें घरच्या माणसांस स्वयंपाकघरांतच उमगेल.

चूल पेटवितांना दोन प्रकारचें सरपण लागतें. काटक्या झटकन पेटतात व मोठी आंच देतात, पण लवकर संपतात. ओंडका सावकाश जळतो, पण रात्रभर पुरतो. शरीराचेंही असेंच आहे. चरबी हा ओंडका होय. साठ किलो वजनाच्या सडपातळ माणसाच्या अंगांतही ती पांचसहा किलो सहज असते, आणि तेवढी कित्येक दिवस पुरेल. काटक्यांच्या जागीं असते ती स्नायूंत व यकृतांत सांठविलेली शर्करा. या सांठ्यास ग्लायकोजेन असें नांव आहे. प्रौढ माणसाच्या स्नायूंत तें सुमारें ४०० ग्रॅम व यकृतांत सुमारें १०० ग्रॅम असतें. माणूस सावकाश चालत असला म्हणजे मुख्यतः चरबी जळते. तो धांवूं लागला, आणि धांप लागण्याइतका वेग वाढला, कीं शर्करेचा वांटा वाढत जातो. कारण चरबीपासून तितक्या त्वरेनें शक्ति निघत नाहीं.

आतां थोडें गणित करूं. एक ग्रॅम शर्करेपासून सुमारें ४ उष्मांक मिळतात. म्हणजे ५०० ग्रॅमांचे २,००० झाले. धांवण्यास दर किलो वजनामागें दर किलोमीटरास सुमारें १ उष्मांक लागतो. साठ किलो वजनाच्या माणसानें ४२ किलोमीटरांची मॅरेथॉन धांवली तर खर्च २,५०० च्या वर जातो. जमा २,००० आणि खर्च २,५००! कांहीं भार चरबी उचलते हें खरें. तरी पण जोरानें धांवणाऱ्याचा सांठा दीड ते दोन तासांत संपत येतो, आणि तो संपला म्हणजे पायांत मणामणाच्या बेड्या पडल्यासारखें होतें.

आपल्याकडचें उदाहरण घ्यावयाचें तर फडेप्पा चौगुले यांचें घ्यावें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांतून पुढें आलेले हे बेळगांवचे धांवपटु १९२० सालीं बेल्जियममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांत मॅरेथॉन धांवले. त्या वर्षींची ती शर्यत ४२.७५ किलोमीटरांची, म्हणजे आजच्याहून अर्ध्या किलोमीटरावर अधिक होती. चौगुले यांनीं ती २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरी करून १९ वा क्रमांक मिळविला. पावणेतीन तासांहून अधिक चाललेली ही दौड म्हणजे वर सांगितलेल्या सांठ्याची पुरी परीक्षाच होय. आणि हें नांव आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावें असें आम्हांस वाटतें.

सकाळीं उपाशीं पोटीं धांवणाऱ्याची गोष्ट आणखी बिकट आहे. मेंदूस अहोरात्र शर्करा लागते, आणि झोपेंत ती यकृताच्या सांठ्यांतून पुरविली जाते. त्यामुळें पहांटे उठतांना हें कोठार बरेंच रिकामें झालेलें असतें. मुलगा अंगानें हलका वाटतो खरा. पण तो शिदोरीनें हलका झालेला असतो.

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानांत येऊन शंभर वर्षें झालीं. १९२४ सालीं अमेरिकेंतील बॉस्टन शहराच्या मॅरेथॉनमध्यें लिव्हाईन, गॉर्डन व डेरिक या डॉक्टरांनीं शर्यत संपवून येणाऱ्या धांवपटूंचें रक्त तपासलें. कित्येकांच्या रक्तांतील शर्करा फारच उतरलेली आढळली. आणि ज्यांची ती उतरली होती तेच पांढरेफटक पडलेले, गळून गेलेले व चिडखोर झालेले होते. पुढच्या वर्षीं कांहीं धांवपटूंस आदल्या दिवशीं पिष्टमय अन्न अधिक खावयास सांगितलें व वाटेंत खाण्यास साध्या साखरेच्या गोळ्या दिल्या. त्यांच्या रक्तांतील शर्करा टिकली, व ते पहिल्यापेक्षां पुष्कळ चांगल्या स्थितींत शेवटास पोंचले. त्यासाठीं नवें औषध शोधावें लागलें नाहीं. मिठाईवाल्याच्या बरणींतील गोळी पुरली.

याहून गमतीचा प्रयोग स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम व हुल्टमन यांनीं स्वतःवरच केला. त्याचा वृत्तांत १९६६ सालीं प्रसिद्ध झाला. व्यायामाच्या एकाच सायकलीच्या दोन बाजूंस दोघे बसले. प्रत्येकानें आपला एकच पाय चालविला व दुसरा स्वस्थ ठेविला. अगदीं थकून गेल्यावर दोन्ही पायांच्या स्नायूंतील कण सुईनें काढून तपासले, तेव्हां श्रमलेल्या पायांतील ग्लायकोजेन जवळजवळ संपलेलें व स्वस्थ पायांतील जसेंच्या तसें होतें. नंतर तीन दिवस पिष्टमय अन्न खाल्ल्यावर पाहतात तों श्रमलेल्या पायांतील सांठा स्वस्थ पायाच्या सुमारें दुप्पट झालेला! श्रम करणारा स्नायु, अन्न मिळाल्यास, आपलें कोठार आपणच मोठें करितो असें यावरून ठरलें. भात, भाकरी, पोळी, रताळीं, बटाटे हें तें अन्न. आमच्या पालकांपैकीं जे मुलांच्या ताटांतील भात कमी करून त्या जागीं बदाम ठेवितात, त्यांनीं या प्रयोगाचा अवश्य विचार करावा. बदाम वाईट नव्हेत; पण ते काटक्यांचें काम करीत नाहींत.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. प्रथमच सांगितलें पाहिजे कीं, शाळेंतील तीन किंवा पांच किलोमीटरांच्या शर्यतींत वाटेंत कांहींही खाण्याची गरज नाहीं. तेवढ्यापुरता सांठा प्रत्येक धडधाकट मुलाजवळ असतो. त्यानें आदल्या रात्रीं पोटभर जेवावें, सकाळीं दोन तास आधीं थोडें हलकें खावें, आणि पाणी प्यावें, एवढें बस्स. हलकें म्हणजे काय? कोंकणांत सकाळीं उकड्या तांदुळाची मीठ घातलेली मऊ पेज पितात. या कामीं तिच्यासारखा दुसरा पदार्थ आम्हांस ठाऊक नाहीं. घाटावर गुळाचा सांजा, किंवा तेल कमी घातलेले पोहे चालतील. ज्यास एवढेंही जात नाहीं त्यानें अर्धा तास आधीं एक पिकलेलें केळें खावें. वडे, भजीं, मिसळ हीं शर्यत संपल्यावर. आणि अंजीर, पपई, फणस हीं पोट सैल करणारीं फळें त्या दिवशीं सकाळीं मुळींच नकोत.

वाटेंतील खाण्याचा प्रश्न येतो तो दौड सव्वा तासाच्या वर चालली म्हणजे. अशा वेळीं दर तासास ३० ते ६० ग्रॅम शर्करा पोटांत जावी, व तीही एकदम नव्हे, वीसवीस मिनिटांच्या अंतरानें थोडी थोडी जावी, असा आजचा अभिप्राय आहे. दुकानांतील चकचकीत पुडींत बहुधा २० ते २५ ग्रॅम शर्करा असते. आतां घरांत पहा. मध्यम आकाराच्या एका केळ्यांत सुमारें २५ ग्रॅम. लिंबाएवढ्या, म्हणजे २५ ग्रॅम वजनाच्या, गुळाच्या खड्यांत २० च्या वर. मूठभर बेदाण्यांत जवळजवळ तितकीच. साध्या खजुराच्या चार बियांत तेवढीच. आणि एका मध्यम उकडलेल्या बटाट्यांत २५ ग्रॅमांच्या आसपास पिष्ट, ज्याची पोटांत शर्कराच होते. तेव्हां पुडी व केळें यांत भेद आहे तो मुख्यतः किंमतीचा, आणि बाळगण्याच्या सोयीचा. पुडी खिशांत चेंगरत नाहीं, केळें चेंगरतें; एवढा मान पुडीस दिला पाहिजे.

हें केवळ स्वदेशीच्या अभिमानानें आम्ही म्हणत नाहीं. अमेरिकेंत २०१२ सालीं चौदा सायकलपटूंस ७५ किलोमीटर सायकल चालवावयास लावून एकदां केळीं व एकदां बाजारी शर्करापेय दिलें. दोन्ही वेळां त्यांची कामगिरी सारखीच झाली. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत धांवपटूंस बेदाणे व बाजारी गोळ्या दिल्या. तेथेंही दोन्ही सारख्याच ठरल्या, व नुसतें पाणी पिणारे मागें पडले. २०१९ सालीं तर इलिनॉय विद्यापीठांत उकडून कुसकरलेला बटाटा देऊन पाहिला. तो पुडीच्या बरोबरीस उतरला. मात्र पोट थोडें अधिक फुगतें असें खाणाऱ्यांनीं सांगितलें. बटाट्याचा हा दोष लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

गुळाविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे, कारण त्याच्याविषयीं आपल्या लोकांत भक्ति फार आणि विचार थोडा. गुळांत लोह आहे, गूळ रक्त वाढवितो, म्हणून गूळ खाऊन धांवावें असें पुष्कळ सांगतात. धांवण्याच्या दोन तासांत त्या लोहाचा कांहीं एक उपयोग नाहीं. त्या वेळीं गूळ म्हणजे शर्करा, आणि एवढेंच पुरेसें आहे. ऊंसाच्या शर्करेचे पोटांत ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग होतात, आणि आंतड्यांत त्या दोहोंच्या वाटा निराळ्या आहेत. त्यामुळें एकट्या ग्लुकोजपेक्षां हें मिश्रण अधिक प्रमाणांत शोषलें जातें. महागड्या पुड्या करणारे कारखानदार हेंच मिश्रण मुद्दाम जुळवितात. आमच्या खेड्यांत उन्हांतून आलेल्या पाहुण्यापुढें गुळाचा खडा व पाण्याचा तांब्या ठेवितात. ही चाल कोणी पाडली हें कोणीं लिहून ठेविलेलें नाहीं. पण ती पाडणाऱ्यास थकलेल्या माणसाची गरज बरोबर कळली होती, यांत शंका नाहीं.

शेंगदाणे व गूळ, किंवा त्यांची चिक्की, ही मात्र धांवतांना खाण्याची वस्तु नव्हे. शेंगदाण्यांत निम्म्याच्या जवळपास तेल असतें. तेल पोटांतून सावकाश पुढें सरकतें. तोंवर धांवणाऱ्याच्या पोटांत दगड ठेवल्यासारखें होतें. डिंकाचे व मेथीचे लाडू यांसही हाच नियम. राजगिऱ्याचा लाडू गुणानें चांगला, पण कोरडा. धांप लागलेल्या माणसाच्या घशांत त्याचा चुरा अडकतो. यावर एक साधी युक्ति आहे. बी काढलेला २०० ग्रॅम मऊ खजूर किंचित् कोमट करून हातानें चांगला मळावा. त्यांत ५० ग्रॅम राजगिऱ्याच्या लाह्या व पाव चमचा मीठ मिसळून ताटांत थापावें आणि बोटाएवढ्या आठ वड्या पाडाव्या. पाक नको, तूप नको, विस्तवाजवळ फार वेळ उभें राहणेंही नको. एका वडींत सुमारें २२ ग्रॅम शर्करा व पिष्ट येतें, म्हणजे ती एका पुडीच्या तोडीची झाली. खजुराच्या ओलाव्यानें लाह्या मऊ पडतात व घशांत अडकत नाहींत. वड्या कागदांत एकेक गुंडाळून ठेविल्या तर तीनचार दिवस सहज टिकतात. दहा वर्षांची मुलगीही त्या करूं शकेल, व मुलग्यांनीं त्या स्वतः कराव्या असें आम्ही सुचवितों.

खाण्याइतकेंच पिणें महत्त्वाचें. घामावाटें पाणी जातें आणि मीठही जातें. आंतड्याच्या भिंतींतून शर्करा व मीठ एकमेकांच्या सोबतीनें आंत शिरतात व त्यांच्यामागून पाणी ओढलें जातें. म्हणून दोन्ही थोडथोडीं घातलेलें पाणी नुसत्या पाण्याहून लवकर अंगीं लागतें. १९७१ सालीं बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत कॉलऱ्याच्या सांथींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ व ग्लुकोज घातलेलें पाणी पाजून हजारों रोग्यांचे प्राण वांचविले, तेंही याच गुणामुळें. रोग्याच्या पाण्यांत साखर कमी असते. धांवणाऱ्यास थोडी अधिक चालते. एक लिटर उकळून निवविलेलें पाणी, चहाचे बारा सपाट चमचे साखर, पाव चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस, हें प्रमाण आम्हांस योग्य वाटतें. याहून गोड करूं नये. गोडी वाढली कीं पाणी जठरांत अडून राहतें व धांवतांना डचमळतें. उन्हाळ्यांत पन्हें उत्तम, कारण त्यांत गूळ व मीठ दोन्ही असतात. पण आपण पाहुण्यांस देतों तें पन्हें दाट असतें, त्यांत तितकेंच पाणी आणखी घालावें. कोकमाचें सरबतही असेंच पातळ करून घ्यावें.

येथें एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. पाणी जितकें अधिक तितकें चांगलें, हा समज खोटा आहे. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्यें ४८८ धांवपटूंचें रक्त तपासलें, तेव्हां शेंकडा १३ जणांच्या रक्तांतील सोडियम योग्य पातळीहून उतरलेलें निघालें. आणि वाटेंत इतकें पाणी पिणें कीं शेवटीं वजन घटण्याऐवजीं वाढावें, हें त्याचें प्रमुख कारण ठरलें. असा मनुष्य प्रसंगीं दगावतोही. यास्तव तहान लागेल तसें प्यावें, घटाघट पिऊन पोट भरूं नये. तसेंच, ज्यांस ‘एनर्जी ड्रिंक’ म्हणतात तीं डब्यांतील पेयें मुलांच्या हातीं मुळींच देऊं नयेत. त्यांत कॅफीन पुष्कळ असतें. त्यानें हृदयाचे ठोके वाढतात व झोंप उडते. ज्या मुलास मधुमेह आहे त्याच्या आईबापांनीं तर वरील सर्व गोष्टी डॉक्टरांस विचारूनच कराव्या.

जे विद्यार्थी दौडीऐवजीं गड चढावयास जातात त्यांचा हिशेब निराळा. राजगडाहून तोरण्यास जाणारा मनुष्य दिवसभर चालतो, पण धांवत नाहीं. मधून मधून बसतो. त्याचा ओंडका सावकाश जळत असतो, त्यास अन्न पचविण्यास सवड असते. येथें शेंगदाणे व गूळ खुशाल खावे. चिक्की, थालीपीठ, दशम्या, काकडी, सर्व कांहीं चालेल. दशमी ही तर दुधांत कणीक भिजवून प्रवासासाठींच केलेली भाकर. आळंदीहून पंढरपुरास सुमारें अडीचशें किलोमीटर चालत जाणारे वारकरी भाकरी-पिठलें खाऊन वाट चालतात व त्यांचें कांहीं अडत नाहीं. पण तेंच भाकरी-पिठलें खाऊन कोणी लगेच वीस किलोमीटर धांवूं म्हणेल तर त्याची काय दशा होईल हें सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट पुष्कळ विसरतात. पोटासही संवय लावावी लागते. शर्यतीच्या दिवशीं पहिल्यानेंच खजूर खाल्ला, किंवा मित्रानें दिलेलें नवें कांहीं तोंडांत टाकलें, तर पोट बंड करणारच. जें शर्यतींत खावयाचें तें आधींच्या महिन्यांत, सरावाच्या लांब दौडींत, चारसहा वेळां खाऊन पाहावें. एकास केळें मानवतें, दुसऱ्यास नुसत्या बेदाण्यांवर निभतें. याचा निर्णय ज्याचा त्यानेंच करावयाचा.

दौड संपल्यावर रिकामें कोठार भरण्यास पहिला तासदोन तासांचा काळ सर्वांत अनुकूल असतो. त्या वेळीं स्नायु शर्करा झपाट्यानें ओढून घेतात, व झीज भरून काढण्यास त्यांस प्रथिनही हवें असतें. दूध, केळीं व थोडी साखर यांची शिकरण आणि दोन पोळ्या, किंवा मऊ वरणभात व एक अंडें, यांत दोन्ही आलीं. घरीं पोंचण्यास उशीर होणार असेल तर डब्यांत दहींभात न्यावा. तो मात्र उन्हांत ठेवूं नये, आणि दहीं घरून निराळें नेऊन ऐन वेळीं कालवावें.